कॉफीच्या मागोमाग घाट उतरताना: चिक्कमगळूर ते उडुपी, सात दिवस

रानवाटा

गेल्या डिसेंबरात आम्ही चौघं (मी, नवरा, सासूबाई आणि दहा वर्षांची लेक) चिक्कमगळूर आणि उडुपी असा सात दिवसांचा प्रवास करून आलो. त्यानंतर निदान पाच-सहा जणांनी फोन करून 'कसं केलंस ते सांग' म्हटलं, म्हणून एकदाच सविस्तर लिहिते.

आधी डोंगर की आधी समुद्र, यावर आमच्याकडे बरीच चर्चा झाली. मी ठाम होते की आधी डोंगर. कॉफी वर पिकते आणि घाट उतरून मंगळूरच्या बंदराकडे जाते, आपणही त्याच दिशेनं जावं. शिवाय पहिले दोन दिवस शांत जागी अंग सैल सोडलं की पुढचं फिरणं बाधत नाही. उलट क्रमानं गेलेल्या ओळखीच्या कुटुंबाला किनाऱ्यावरच्या उकाड्यानंतर थेट घाट चढावा लागला, मुलं गाडीत आजारी पडली आणि मळ्यातला पहिला दिवस झोपण्यात गेला.

पुण्याहून रात्रीच्या गाडीनं मिरज-हुबळी मार्गे बीरूरला उतरलो. बीरूर किंवा कडूर, जिथे गाडी थांबत असेल तिथे उतरा. कडूरपासून चिक्कमगळूर चाळीसेक किलोमीटर आहे. आमचा मुक्काम आल्दूरच्या बाजूला एका मळ्यातल्या घरात होता, तीन रात्री. अशा घरांत भाडं बहुतेक माणशी असतं आणि जेवणखाण त्यातच येतं. ठरवताना जेवण, चहा-कॉफी आणि मळ्यातली फेरी यातलं काय काय धरलंय ते स्पष्ट विचारून घ्या.

पहिल्या दिवशी काहीही केलं नाही, आणि तो निर्णय सगळ्यात चांगला ठरला. दुपारी व्हरांड्यात बसून गुळाची काळी कॉफी प्यायलो. मळ्यातल्या घरांत 'बेल्लद कापी' म्हणजे गुळाचीच कॉफी, दूध हवं असेल तर सांगावं लागतं. सासूबाई आयुष्यभर चहावाल्या. त्यांनी दुसरा पेला मागून घेतला.

दुसरा दिवस तोडणीचा. कॉफीच्या दोन जाती, अरेबिका आणि रोबस्टा. अरेबिकाची तोडणी साधारण नोव्हेंबर ते जानेवारी चालते, रोबस्टाची त्यानंतर. आम्ही गेलो तेव्हा ऐन भरात होती. कॉफीचा मळा म्हणजे चहासारखी उघडी हिरवी गादी असेल असं डोक्यात होतं, पण ते चक्क जंगल आहे. वर सिल्व्हर ओक, फणस, पांगारा यांची सावली, त्या झाडांच्या खोडांवर चढलेले मिरीचे वेल आणि खाली आपल्या डोक्याइतकी कॉफीची झुडपं. सगळी फळं एकदम पिकत नाहीत. एकाच फांदीवर लाल, पिवळी, हिरवी फळं शेजारी शेजारी. अरेबिकाची फक्त लाल फळं वेचायची, म्हणून त्याच झाडाकडे तीन-चार वेळा परत यावं लागतं. इथे फळाला सगळे 'चेरी'च म्हणतात.

लाल चेरी दोन बोटांत दाबली की आतून दोन बिया सुळकन बाहेर येतात. पाठ गोल, पोट सपाट, एकमेकींना चिकटलेल्या. भोवती बुळबुळीत गर. लेकीनं चोखून बघितला, कॉफीची चव अजिबात नाही, काकवी पाण्यात कालवावी तसा गुळचट. एखाद्या फळात दोनाऐवजी एकच गोल बी निघते, ती पीबेरी. पोरीनं दिवसभरात अकरा पीबेरी शोधल्या आणि खिशात घालून पुण्यापर्यंत आणल्या.

संध्याकाळी वजन होतं, ते बघायला नक्की थांबा. तोडणाऱ्या बायका पाठीवरून पोती आणतात, ताडपत्रीवर ओततात, हिरवी फळं आणि पानं निवडून काढतात आणि मग पोतं काट्याला लागतं. वहीत प्रत्येकीच्या नावापुढे किलो लिहिले जातात. आमच्या मळ्यात आसामहून आलेली बरीच कुटुंबं होती. एका बाईनं त्या दिवशी सत्तरच्या वर किलो तोडले होते. मी, नवरा आणि लेक मिळून दोन तासांत जेमतेम सहा. बोटांच्या पेरांना चिकट काळपटपणा चढला होता, तो दोन दिवस निघाला नाही. घरी फिल्टरमधून थेंब थेंब उतरणाऱ्या कॉफीकडे मी आता वेगळ्या नजरेनं बघते, हे मनापासून सांगते.

तिसऱ्या दिवशी बेलूर आणि हळेबीडू. २०२३ मध्ये ही दोन्ही मंदिरं सोमनाथपूरसह जागतिक वारशाच्या यादीत आली. बेलूरचं चेन्नकेशव मंदिर होयसळ राजा विष्णुवर्धनानं १११७ साली प्रतिष्ठापित केलं. वाटाड्या जरूर घ्या. एकट्यानं बघताना आपण नुसतं 'काय सुंदर कोरलंय' म्हणत पुढे सरकतो.

चौथ्या दिवशी घाट उतरलो: बाळेहोन्नूर, शृंगेरी, आगुंबे, हेब्री, उडुपी. शृंगेरीत तुंगेच्या घाटावर माशांना चुरमुरे घालण्यात पोरीचा तास गेला. आगुंब्याला चौदा वळणं आहेत, नागमोडी शब्द पुरत नाही अशी. गाडीची एक अडचण सांगते. आधी ठरवलेल्या गाडीवाल्यानं आदल्या रात्री येत नाही म्हणून कळवलं. मळ्याच्या मालकांनी ओळखीची गाडी मिळवून दिली म्हणून निभावलं. घाट उतरून सोडणाऱ्या गाडीला परतीचंही भाडं द्यावं लागतं, ते हिशेबात धरा.

पुढचे तीन दिवस मल्पेजवळ मुक्काम. उडुपीचा कृष्णमठ, सेंट मेरीज बेटं, कुंदापूरची बाजू. त्याबद्दल कुणी विचारलं तर लिहीन, हात दुखायला लागले. परतीला उडुपीहून कोकण रेल्वेनं पनवेल आणि तिथून पुणे.

---

सांजवात

रानवाटा, किती छान लिहिलंयस! आम्ही जानेवारीत जायचं म्हणतोय. आईचे गुडघे दुखतात, ती पायऱ्या चढत नाही. तिला कंटाळा न येता हे सगळं जमेल का? आणि आई पूर्ण शाकाहारी आहे, किनाऱ्यावर तिचं काय?

---

रानवाटा

सांजवात, नक्की जमेल. मुल्लयनगिरी मात्र सोडा. कर्नाटकातलं ते सगळ्यात उंच शिखर, १,९०० मीटरच्या वर, आणि गाडी गेली तरी शेवटी पायऱ्या आहेतच. सुट्टीच्या दिवसांत तिथे गाड्यांची रांग लागते. आम्हीही सोडलं, जराही हळहळ वाटली नाही. बेलूरला चौथऱ्याच्या चार पायऱ्या आहेत, धरून चढवता येईल.

शाकाहाराची तर काळजीच नको. उडुपीचं जेवण म्हणजे कांदा-लसूण नसलेलं सांबार आणि मठाच्या पंगतीतला प्रसाद. फेब्रुवारीच्या आत गेलात तर मट्टू गुळ्ळ विचारा. उडुपीजवळच्या मट्टू गावची हिरवी गोल वांगी, त्यांना भौगोलिक मानांकन आहे. सांबारात घातली तरी विरघळत नाहीत. सकाळी मंगळूर बन्स (पिकलं केळं घालून केलेली जाड गोडसर पुरी), संध्याकाळी गोळीबजे (मैद्याची गोल भजी). आणि नीर डोसे, आपल्या घावनांचे सख्खे भाऊ.

---

मुंडाजेचा_नातू

लेख आवडला. एका गोष्टीत मात्र मी वेगळं सांगेन. घाट आगुंब्यानं न उतरता चार्माडीनं उतरा. चिक्कमगळूर, मुडिगेरे, कोट्टिगेहार आणि मग चार्माडी घाट. वर कॉफी, उतरता उतरता धुकं आणि डावी-उजवीकडे घनदाट डोंगर, आणि खाली आलात की एकदम सुपारीच्या बागा. हवेतला बदल खिडकीत हात धरला तरी कळतो.

घाट संपल्यावर उजिरेच्या अलीकडे मुंडाजे लागतं. माझं आजोळ. तिथे चित्पावनांची जुनी घरं आहेत, पिढ्यान् पिढ्या सुपारीची शेती. कार्कळजवळच्या माळा आणि दुर्ग गावांतही तशीच. घरात चित्पावनी बोलतात, अंगणात गड्यांशी तुळू, शाळेत कन्नड. माझी आजी मराठी पुस्तकं वाचायची, पण तिला मराठी बोलताना ऐकलं की पुण्याचे पाहुणे चकित व्हायचे, इतके जुने शब्द. आपली माणसं कोकणातून कुठवर खाली उतरली आहेत हे बघायचं असेल तर ही वाट.

---

रानवाटा

हे माहीतच नव्हतं! पुढच्या वेळी नक्की. आम्ही शृंगेरीसाठी आगुंबे घेतलं. शारदेच्या दर्शनाची सासूबाईंची फार इच्छा होती.

---

ढवळीकर

शृंगेरी करायची असेल तर आगुंबे, नसेल तर चार्माडी, इतकं सोपं ठेवा. पावसाळ्यात दोन्हीकडे आधी रस्त्याची चौकशी करूनच निघा, दरडी पडतात. आगुंब्याला संध्याकाळी पोचलात तर सूर्यास्ताच्या कठड्यावर थांबा. आकाश निवळ असेल तर अरबी समुद्राची रेघ तिथून दिसते.

---

बंदरपार

धाग्याचं नाव वाचून आत आलो. मी मंगळूरला कॉफीच्या धंद्यात बारा वर्षं काढली, आता ठाण्यात असतो. 'कॉफीच्या मागोमाग घाट उतरताना' हे अगदी खरं आहे, त्यातला शेवटचा भाग मी सांगतो.

मळ्यात दोन तऱ्हेनं काम चालतं. एक तर फळाची साल काढून, गर धुऊन बी वाळवायची. तिच्यावर जे पातळ टरफल राहतं त्यावरून तिला 'पार्चमेंट' म्हणतात. नाहीतर फळ आहे तसंच उन्हात वाळवायचं, ती 'चेरी' कॉफी. दोन्ही मग पोत्यांतून कारखान्यात येतात. तिथे टरफल काढतात, आकारानुसार चाळतात, काळ्या-फुटक्या बिया बाजूला काढतात.

यापुढची गोष्ट फक्त किनाऱ्यावरच घडू शकते. पूर्वी शिडाच्या जहाजांतून कॉफी आफ्रिकेला वळसा घालून युरोपात जायची, त्याला महिने लागत. खारट दमट हवेत बिया फुगायच्या, रंग पिवळसर व्हायचा, आंबटपणा जायचा. तिकडच्या लोकांना तीच चव आवडायला लागली. १८६९ मध्ये सुएझ कालवा उघडला, आगबोटी आल्या, कॉफी लवकर आणि हिरवीच पोचायला लागली, आणि गिऱ्हाईक म्हणालं, ही आमची कॉफी नाही. मग तेच काम इथल्या पावसाळ्याकडून करून घ्यायला सुरुवात झाली. त्या कॉफीला आज 'मॉन्सून्ड मलबार' म्हणतात, २००८ साली तिला भौगोलिक मानांकन मिळालं.

जूनमध्ये पाऊस लागला की चारी बाजूंनी उघड्या गोदामांत चेरी कॉफीच्या बिया जमिनीवर वीतभराहून कमी जाडीच्या थरात पसरतात आणि दाताळ्यानं सारख्या हलवतात. चार-पाच दिवसांनी सैल भरलेल्या गोणपाटाच्या पोत्यांत घालतात. पोत्यांच्या रांगांमध्ये मुद्दाम जागा सोडलेली असते, वारा आरपार जायला हवा. दर आठवड्याला पोती रिकामी करून पुन्हा भरायची, नाहीतर मधल्या बिया बुरसतात. असे तीन-चार महिने. सप्टेंबरात बी जवळजवळ दुप्पट फुगलेली असते, रंग वाळलेल्या गवतासारखा. त्या दिवसांत गोदामात शिरलं की ओलं गोणपाट, माती आणि किंचित भाजल्या शेंगदाण्यासारखा मिश्र वास येतो. तो वास माझ्या सदऱ्यांना वर्षानुवर्षं होता. बायको आजही त्याची आठवण काढते.

जानेवारीत जाणाऱ्यांना हे बघायला मिळणार नाही, गोदामं तेव्हा वेगळ्या कामात असतात. पण पाव किलो मॉन्सून्ड कॉफी विकत घ्या आणि मळ्यावरून आणलेल्या धुतलेल्या अरेबिकाशेजारी ठेवून दोन्ही प्या. डोंगर आणि किनारा एकेका पेल्यात कळतील.

---

सांजवात

बंदरपार, प्रतिसाद दोनदा वाचला. वाचनखूण साठवली आहे.

---

कोल्हापूरची_माई

सगळे चिक्कमगळूरच म्हणताय, पण मला कोडगू (कूर्ग) आणि केरळातल्या कण्णूरची जोडी जास्त आवडली. मडिकेरीकडे तीन रात्री, मग विराजपेट, माकुट्टा घाट, इरिट्टी करत कण्णूर. एका दुपारचं अंतर. मुळप्पिलंगाडच्या वाळूवर गाडी घेऊन जाता येतं, किनारा चारेक किलोमीटर सलग. तलश्शेरीची बिर्याणी बारीक दाण्याच्या तांदळाची असते, बासमतीची सवय असलेल्यांना पहिला घास वेगळा लागतो, दुसऱ्यापासून सोडवत नाही. हिवाळ्यात तेय्यमचा हंगाम असतो, म्हणजे देवाचं सोंग घेऊन केलेलं विधीचं नृत्य. पहाटे चार वाजता एका कावाबाहेर (देवराईतल्या देवस्थानाबाहेर) उभं राहून अग्नीभोवती नाचणारा तेय्यम बघितला. त्याच्यापुढे हात जोडून आपली गाऱ्हाणी सांगणारी माणसं बघून मला आमच्याकडच्या जोगतिणीच्या अंगात येणाऱ्या देवीची आठवण झाली.

मात्र पुण्या-मुंबईहून पोचायला चिक्कमगळूरपेक्षा वेळ जास्त लागतो, हे मान्य. सातच दिवस असतील तर रानवाटाची आखणी बरी. नऊ दिवस असतील तर माझी.

---

दर्यागाव

सेंट मेरीज बेटांबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. मल्पे बंदरातून होडीनं जातात. तिथले षट्कोनी, पंचकोनी दगडी खांब म्हणजे थिजलेला लाव्हा. मादागास्कर भारतापासून तुटून वेगळा झाला त्या वेळचा, सुमारे ८.८ कोटी वर्षांपूर्वीचा. राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक आहे. सह्याद्रीत फिरणाऱ्यांना वाटेल की आपलाच दख्खनचा कातळ, पण हा त्याहून दोन कोटी वर्षांनी जुना.

मी पहिल्यांदा जूनच्या दुसऱ्या आठवड्यात गेलो होतो. मुक्काम ठरवून देणाऱ्यांनी होड्या चालू आहेत असं फोनवर ठामपणे सांगितलं होतं. प्रत्यक्षात पावसाळ्यात होड्या बंदच असतात. बायको-मुलांना घेऊन धक्क्यावर उभं राहून समोर बेट दिसतंय आणि जाता येत नाही, फार वाईट वाटलं. ऑक्टोबर ते मे याच दिवसांत जा, आणि सकाळी लवकर. बेटावर सावली फारशी नाही, टोपी आणि पाणी बरोबर हवं. चप्पल पट्ट्याची घाला, दगडांवर शिंपल्यांचे तुकडे असतात.

---

ढवळीकर

कुंदापूरला जाणार असाल तर बसरूर हे जुनं बंदर चुकवू नका. कुंदापुरापासून सात-आठ किलोमीटर आत. फेब्रुवारी १६६५ मध्ये शिवाजी महाराज मालवणहून आरमार घेऊन थेट इथवर आले होते. स्वतः महाराजांनी गलबतावर बसून केलेली ही मोहीम. परतताना गोकर्णाला महाबळेश्वराचं दर्शन घेतलं. आज बसरूर शांत गाव आहे, जुनी देवळं, तळी आणि नदी. बंदराची गजबज आपणच मनात उभी करायची. मी नदीकाठी अर्धा तास बसलो. मालवण ते बसरूर, शिडाच्या गलबतात, हे अंतर नकाशावर बोटानं मोजून बघा.

तिथून पुढे मरवंते. महामार्गाच्या एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला सौपर्णिका नदी, मधे फक्त रस्ता. गाडीतून बघून पुढे जाऊ नका, उतरा. मांसाहारी मंडळींनी कुंदापुरात चिकन घी रोस्ट खावं, ते मूळचं तिथलंच.

---

मुंडाजेचा_नातू

बसरूरला +१.

आणि फुलोऱ्याचं कुणी बोललं नाही. मार्च-एप्रिलमध्ये पहिला जोरदार पाऊस झाला की आठ-दहा दिवसांत सगळे मळे एकदम पांढरे होतात. त्या सरींना कन्नडमध्ये 'हू मळे' म्हणतात, फुलांचा पाऊस. वास थेट जाईसारखा. तीन-चार दिवसांत फुलं तपकिरी होऊन संपतात, त्यामुळे आधीपासून तारीख ठरवून जाता येत नाही. मामाचा फोन आला की सुट्टी टाकून निघायचं, असं मी दोनदा केलंय. त्या सरी आल्या नाहीत किंवा उशिरा आल्या तर वर्षभराचं पीक बसतं, म्हणून पाऊस पडला की मळेवाल्यांच्या घरात शिरा होतो.

---

सांजवात

जाऊन आलो! तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. शृंगेरी वगळली आणि चार्माडीनं उतरलो. मुंडाज्यात रस्त्याकडेला शहाळी प्यायला थांबलो तर दुकानातल्या आजोबांनी आमचं बोलणं ऐकून 'खंयचे?' म्हणून विचारलं. आई आणि ते अर्धा तास बोलत होते, ती मराठीत, ते चित्पावनीत.

आईच्या गुडघ्यांची मला काळजी होती. मळ्यात आम्ही तोडणीला गेलो तेव्हा ती घराजवळच्या खळ्यावर खुर्ची टाकून बसली. परत येऊन बघतो तर खुर्ची रिकामी आणि आई अनवाणी, हातात लाकडी दांड्याचं फावडं, वाळत घातलेली कॉफी वरखाली करतेय. टरफलासकट वाळलेल्या बिया पायाखाली खुळखुळत होत्या. तिथली बाई तिला हातानं दाखवत होती की ओळी कशा ओढायच्या, म्हणजे मधे ऊन लागतं. आई म्हणाली, आमच्या अंगणात भात असाच वाळवायचो, फक्त आवाज वेगळा. चाळीस वर्षांत तिनं खळं बघितलं नव्हतं.

आता एक प्रश्न. अर्धा किलो पीबेरी आणली आहे, भाजलेली, पण दळलेली नाही. बंदरपार, पितळी फिल्टरसाठी घरच्या मिक्सरवर दळायची तर किती रवाळ ठेवू?

---

बंदरपार

बारीक रव्याइतकी. मिक्सर सलग चालवू नका, चार-पाच सेकंदांचे झटके द्या आणि मधे भांडं हलवा, नाहीतर गरम होऊन वास उडतो. एका वेळी दोन दिवसांपुरतीच दळा. उरलेल्या बिया घट्ट झाकणाच्या डब्यात, फ्रीजमध्ये नको. पहिली चिकोरीशिवाय (कॉफीत मिसळतात ती भाजलेल्या मुळाची पूड) करून बघा. आणि आईंना आधी द्या.